जाड दाण्याची फीत

काही कापडे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात. फितीचा एक तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरावा आणि लांबीच्या दिशेने अंगठा हळूहळू पुढे न्यावा. सॅटिनची फीत असेल तर अंगठा घसरत जातो, कोठेही थांबत नाही. ग्रोग्रेनची असेल तर त्याला पावलोपावली बारीक अडथळा लागतो. फितीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, एकमेकांना खेटून बसलेले असंख्य आडवे उंचवटे तिच्यात असतात. माझी आई घरी शिवणकाम करीत असे. तिच्या पत्र्याच्या डब्यात उरलेल्या फितींची भेंडोळी असत, आणि त्यांतून नेमकी हवी ती फीत ती न पाहता काढत असे. या कापडाचे नाव तिला ठाऊक नव्हते. ती तिला ‘खरखरीत रिबीन’ म्हणे आणि शाळेच्या वेण्यांसाठी तीच पसंत करी. कारण, तिच्या शब्दांत, ‘ही गाठ सोडत नाही.’

तिचे निरीक्षण अचूक होते आणि त्याचे कारण विणीत आहे. वीण म्हणावी तर अगदी साधी, पंच्याची किंवा धोतराची असते तीच: एक धागा वरून, एक खालून. फरक आहे तो धाग्यांच्या जाडीचा. ताण्याचे, म्हणजे लांबीत जाणारे धागे बारीक आणि दाट लावलेले असतात. बाण्याचा, म्हणजे रुंदीत जाणारा धागा मात्र चांगला जाड असतो. बारीक ताणा या जाड धाग्याला वरून आणि खालून इतका पूर्ण वेढतो की तो दिसेनासा होतो. दिसतो तो केवळ त्याने आतून उचलून धरलेला उंचवटा. आपण जो रंग पाहतो, जी चमक पाहतो ती सगळी ताण्याची. बाणा आत लपून आकार देतो. फीत कात्रीने कापली की कापलेल्या टोकाशी तो पहिल्यांदा उघडा पडतो आणि टोक उसवू लागते. म्हणून जाणते हात ती तिरकी कापतात, किंवा कृत्रिम धाग्याची असेल तर तिचे टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळून हलकेच फिरवतात.

आतल्या जाड धाग्यामुळे ही फीत आडवी दुमडत नाही, चुरगळत नाही, आणि उंचवट्यांच्या घर्षणामुळे तिची गाठ निसटत नाही. त्यामुळे ती दिसण्यापेक्षा टिकण्याच्या कामी अधिक आली. पुरुषांच्या फेडोरा हॅटला भोवतीने असते ती बहुधा हीच पट्टी. लोकरी स्वेटरच्या बटणपट्टीला आतून आधार देणारी हीच. ती नसेल तर बटणांच्या ओढीने लोकर लोंबू लागते. पाश्चात्त्य मेजवानीच्या काळ्या कोटाची कॉलर सॅटिनने मढवतात किंवा ग्रोग्रेनने, आणि या दोहोंपैकी अधिक सभ्य कोणते यावर तिकडचे शौकीन आजही वाद घालतात. सैनिकी पदके ज्यांना टांगलेली असतात त्या फितींतही अशी आडव्या दंडांची वीण नेहमी आढळते. आपल्या परमवीरचक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. जन्माने स्वित्झर्लंडच्या, विवाहाने मराठी आणि अभ्यासाने संस्कृतच्या अशा या विदुषी होत्या. त्या चक्राची फीत 32 मिलिमीटर रुंदीची आणि निखळ जांभळी आहे. तिच्यावर दुसरी एकही रेघ नाही.

या फितीची एक सख्खी बहीण आहे, पीटरशॅम. तिचा काठ सरळ नसून बारीक कंगोऱ्यांचा असतो, त्यामुळे वाफेच्या इस्त्रीने ती वळवता येते आणि स्कर्टच्या कमरेत किंवा हॅटच्या आतल्या गोलाईत नीट बसते. हे नाव लंडनमधील एका नखरेल सरदाराच्या किताबावरून आले. व्हायकाउंट पीटरशॅम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका घातलेल्या कोटाची पद्धत पाडली, कोटावरून त्याच्या कापडाला ते नाव पडले, आणि पुढे ते फितीलाही चिकटले. माणूस विसरला गेला. शिंप्याच्या टेबलावर त्याचे नाव अजून मोजून विकले जाते.

पण मला अधिक आकर्षण आहे ते ‘ग्रोग्रेन’ या नावाचे, आणि तेथे भाषाशास्त्राचा संबंध येतो.

शब्द फ्रेंच आहे. त्यात ‘ग्रो’ म्हणजे जाड आणि ‘ग्रें’ म्हणजे दाणा किंवा पोत. जाड दाण्याचे कापड. हा दाणा लॅटिन ‘ग्रानुम’ या शब्दातून आला. इंग्रजीतील धान्यवाचक ‘ग्रेन’ त्यातूनच आला. तौलनिक भाषाशास्त्राचे अभ्यासक ‘ग्रानुम’चा संबंध पिकणे, झिजणे, वृद्ध होणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात आणि त्याच धातूचे संस्कृतातील रूप म्हणून ‘जीर्ण’ हा शब्द दाखवतात. पिकून कणसातून सुटतो तो दाणा. वापरून झिजते ते जीर्ण. याच कुळातून प्राकृत ‘जुण्ण’ आणि तेथून आपले ‘जुना’ हे विशेषण आले. हॅटच्या पट्टीतील दाणा आणि आपल्या घरातील जुने लुगडे हे असे फार दूरचे भाऊबंद ठरतात. नात्याचे हे धागे कापडातल्या बाण्यासारखेच आतून जातात.

हा फ्रेंच शब्द इंग्रजीत एकदा नव्हे, दोनदा गेला. पहिल्यांदा सोळाव्या शतकात. त्या वेळी तो कानांनी गेला, असे म्हणावे लागेल. रेशीम, लोकर किंवा अंगोरा बकरीचे केस यांच्या मिश्रणाचे ते एक खरबरीत, टिकाऊ कापड होते. ते विकणाऱ्यांनी आणि अंगावर घालणाऱ्यांनी फ्रेंच नावाचा उच्चार आपल्या जिभेला रुचेल तसा केला आणि शब्द झाला ‘ग्रॉग्रम’. शेवटी ‘न’चा ‘म’ कसा झाला असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. कोणीही तो ठरवून केला नाही.

या ग्रॉग्रमचा एक झगा इतिहासात गेला आहे. ब्रिटिश नौदलाचा अॅडमिरल एडवर्ड व्हर्नन समुद्रावर नेहमी ग्रॉग्रमचा झगा घालत असे, म्हणून खलाशांनी त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ असे टोपणनाव दिले होते. खलाशांना रोज अर्धा पाइंट रम मिळे आणि ती ते निर्जळ पीत. परिणामी शिस्तीचे तीनतेरा वाजत. ऑगस्ट 1740 मध्ये जमैकाच्या मुक्कामी व्हर्ननने हुकूम काढला की, यापुढे अर्ध्या पाइंट रममध्ये एक क्वार्ट, म्हणजे चौपट, पाणी मिसळून ती दोन वेळा विभागून द्यावी. संतापलेल्या खलाशांनी त्या पाणचट पेयाला अॅडमिरलचेच टोपणनाव दिले: ‘ग्रॉग’. ग्रॉग जास्त झालेला माणूस ‘ग्रॉगी’. पुढे ठोसे खाऊन लडबडणारा मुष्टियोद्धा ग्रॉगी झाला, आणि आज रात्रभर अभ्यास करून सकाळी डोळे चोळणारी महाविद्यालयीन मुलेही मला सांगतात की त्यांना ‘ग्रॉगी’ वाटते आहे. त्यांच्या जांभईमागे एका अॅडमिरलचा झगा आहे आणि त्या झग्यामागे जाड दाण्याचे फ्रेंच कापड, याची त्यांना कल्पना नसते. असण्याची गरजही नाही. ब्रिटिश नौदलाने रमचे रोजचे वाटप 31 जुलै 1970 रोजी कायमचे बंद केले. झगा गेला, रम गेली, शब्द मात्र लडबडत का होईना उभा आहे.

दुसऱ्यांदा हा शब्द इंग्रजीत शिरला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रेंच लेखनासह, ‘ग्रोग्रेन’ म्हणून. या वेळी तो डोळ्यांनी आला. फ्रान्समधील सेंट-एटियेन हे फितींच्या विणकामाचे मोठे केंद्र होते आणि इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री. 1860 मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला, फ्रेंच रेशमी मालावरील जकात उठली आणि कॉव्हेंट्रीच्या फीत विणणाऱ्यांवर उपासमारीची पाळी आली. कित्येक कुटुंबांनी गाव सोडले, देश सोडला. फ्रेंच फिती आणि फ्रेंच फॅशन यांचा दिमाख वाढलेला हा काळ. या काळातील ‘ग्रोग्रेन’ हा दुकानाच्या काचेतला, छापील नावाचा, थोड्या तोऱ्याचा शब्द. त्याला आपल्याच भाषेत तीनशे वर्षे राबणाऱ्या ‘ग्रॉग्रम’ची ओळखही लागली नाही.

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे वळू. शब्दसंपत्तीचा घटक शिकताना आपण तत्सम आणि तद्भव हे प्रकार पाहता. ‘क्षेत्र’ तत्सम, ‘शेत’ तद्भव. ‘गृह’ तत्सम, ‘घर’ तद्भव. ही विभागणी आपण परीक्षेसाठी पाठ करता, पण तिच्यामागे घडलेली हकीकत फितीच्या या गोष्टीत उघडी दिसते. एकच शब्द एकदा तोंडोतोंडी येतो, शतकानुशतके वापरून गुळगुळीत होतो आणि भाषेच्या अंगचा होऊन जातो. दुसऱ्यांदा तो ग्रंथांतून, लेखनातून, प्रतिष्ठेसह येतो. मग दोघेही शेजारी राहतात आणि आपापली कामे वाटून घेतात. शेतकरी ‘शेतात’ जातो आणि मंत्री ‘कृषिक्षेत्रा’विषयी बोलतात. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1897 च्या आपल्या अर्थविचारावरील ग्रंथात याला वाटणीचा नियम म्हटले आहे: समानार्थी शब्द फार काळ समानार्थी राहत नाहीत, लोक त्यांच्यात कामे वाटून देतात.

मराठीत याचे उत्तम उदाहरण फितीनेच दिले आहे. ‘फीत’ हा शब्द पोर्तुगीज ‘फिता’वरून आला, चावी, पगार, बिजागरी, घमेले यांच्याच गलबतातून, असे म्हणू. गोव्याचे थोर कोशकार सेबाश्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा जो ग्रंथ 1913 मध्ये सिद्ध केला, तो चाळताना आपल्या घरातील किती वस्तू समुद्रावरून आल्या हे पाहून मन थक्क होते. आपल्याकडे बांधण्यासाठी शब्द नव्हते असे नाही: नाडी होती, बंद होते, बाराबंदीचे कसे होते. पण हे शब्द वस्तूचे काम सांगत. सुटी, चपटी, विणलेली आणि हाताने मोजून विकली जाणारी पट्टी हा नवा माल होता, आणि माल आपले नाव घेऊन आला. पुढे इंग्रजीतून ‘रिबन’ आली. आज दोघींची वाटणी पाहा. उद्घाटनाला फीत कापतात, रिबीन नव्हे. निषेध करायचा तर कर्मचारी काळ्या फिती लावतात. काळ्या रिबिनी लावून निषेध केल्याची बातमी माझ्या वाचनात नाही. दिरंगाईचा कारभार लाल फितीचा. उलट शाळकरी मुलीच्या वेणीत रिबीन, भेटवस्तूवर रिबीन, आणि माझा प्रबंध ज्या यंत्रावर टंकलिखित झाला त्याचीही रिबीनच. फीत सार्वजनिक झाली, रिबीन घरात राहिली. ध्वनिफीत आणि चित्रफीत या शब्दांत तर फीत आता आहे कोठे? मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीत गुंडाळण्यासारखे काहीच नसते. ग्रॉगमधून जसा झगा निघून गेला तशी चित्रफितीतून फीत निघून गेली.

परका शब्द आपला झाला हे ओळखायचे कसे? त्याच्या जन्मदाखल्यावरून नव्हे, व्याकरणावरून. पोर्तुगीज ‘फिता’ स्त्रीलिंगी. हिंदीने शेवटचा ‘आ’ राखला आणि त्याला ‘घोडा’, ‘लोटा’ यांच्या रांगेत बसवून पुल्लिंगी ‘फीता’ केला. मराठीने ‘आ’ सोडला आणि स्त्रीलिंग राखले: ती फीत. बटाट्याच्या बाबतीत मराठीने उलट केले. पोर्तुगीजमधील स्त्रीलिंगी ‘बताता’ येथे आकारान्त राहिला म्हणून ‘तो बटाटा’ झाला. शिवाय ‘फीत’मधील दीर्घ ‘ई’ विभक्तीचा प्रत्यय लागताच ऱ्हस्व होते: फीत, पण फितीने, फितीला, जसे जमीन, जमिनीला. आता ‘रिबन’ पाहा. लोकांच्या तोंडी तिची ‘रिबीन’ झाली आणि अनेकवचन ‘रिबिनी’. इंग्रजी शब्दाने मराठीचा ऱ्हस्वदीर्घाचा नियम पाळला! नागरिकत्वाचा याहून भक्कम पुरावा कोणता? माझ्या मते कोशात नोंद होणे ही त्यानंतरची, जरा कारकुनी पायरी.

हे सारे मी इतक्या विस्ताराने लिहिते आहे त्याला एक प्रसंग कारण झाला. रविवारच्या एका संपर्कसत्रात मी विद्यार्थ्यांना आपापल्या व्यवसायातील पाच परभाषीय शब्द सांगायला सांगितले होते. तालुक्याच्या गावी फ्रॉक आणि परकर-पोलकी शिवण्याचे दुकान चालवणारी, चाळिशी ओलांडलेली एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि तिने सांगितले, ‘‘अस्तर, काज, कॉलर, पायपिंग आणि ग्रोसग्रीन.’’ मागच्या बाकावर तयार कपड्यांच्या निर्यात व्यवसायात काम केलेला एक तरुण होता. तो म्हणाला, ‘‘ताई, त्यातला एस सायलेंट असतो.’’ तो सहज बोलला. त्यात कुत्सितपणा नव्हता. पण दोघे-तिघे हसले. ती खाली बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘मॅडम, आमचं असंच असतं. दुकानात चालतं, इथे नाही चालत.’’ उरलेला तासभर ती एक अक्षर बोलली नाही.

प्रौढ वयात शिक्षणाकडे परतलेल्या माणसाजवळ शब्दांची कमतरता नसते. तिच्या पाच शब्दांत फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि फ्रेंच अशा चार भाषा होत्या. पदव्युत्तर वर्गातही इतके नेटके उदाहरण मला क्वचितच मिळते. कमतरता असते ती हे शब्द ‘इथे’ चालतात या खात्रीची. ती उंबऱ्याबाहेर चपला काढावी तशी आपली भाषा बाहेर काढून आत आली होती. आणि हे तिला कोणी एकाने शिकवले नव्हते. शाळेपासून अनेकांनी मिळून, सहज हसत हसत शिकवले होते.

पुढच्या सत्रात मी अॅडमिरल व्हर्ननचा झगा वर्गात नेला. सांगून झाल्यावर त्या तरुणाला म्हटले, तुमचे म्हणणे इंग्रजी उच्चाराला धरून बरोबर आहे. पण फ्रेंच माणसाच्या कानाला तुमचाही शेवटचा ‘न’ खटकेल, तो नुसता अनुनासिक स्वर काढून थांबतो. आणि ज्या ‘स’ला आपण हसलो तो लॅटिन ‘ग्रोस्सुस’मध्ये खणखणीत होता, फ्रेंचांनी तो पुढे बोलण्यातून गाळला आणि लिहिण्यात ठेवला. या बाईंनी तो खोक्यावरच्या अक्षरांत वाचला आणि उच्चारला. लेखनावरून उच्चार घडणे ही भाषेतील मान्य प्रक्रिया आहे. इंग्रजीतील ‘ऑफन’मधील ‘ट’ इंग्रज स्वतः अशाच रीतीने परत बोलू लागले आहेत. तो तरुण मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे चुकीचे सगळेच.’’ त्यावर त्या विद्यार्थिनीने प्रथमच मान वर केली. ‘‘किंवा बरोबर सगळेच,’’ ती म्हणाली.

मी यावर निवाडा दिला नाही. परदेशी ग्राहकाशी बोलताना ‘ग्रोग्रेन’च म्हणावे, त्यात व्यवहार आहे. पण मराठी वाक्यात त्या शब्दाचे काय व्हायचे हे फ्रेंच कोशही ठरवणार नाही आणि मीही नाही. ते दुकानातील गिऱ्हाईक आणि दुकानदार मिळून ठरवतील.

तिने नंतर मला विचारले की शब्द नेहमी तिकडूनच इकडे येतात का. मी तिला मुंबईच्या डोंगरीची गोष्ट सांगितली. त्या भागाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून इंग्रजीत ‘डंगरी’ हा शब्द गेला, असे बहुतेक कोशकार मानतात. पुढे त्याचा अर्थ कामकऱ्यांचा पोशाख असा झाला, आणि आता तो लहान मुलांच्या फॅशनेबल कपड्याचे नाव होऊन आपल्याकडे परत आला आहे. ‘‘म्हणजे मी डंगरी शिवते ती आपल्या डोंगरीची?’’ ती म्हणाली आणि बराच वेळ स्वतःशीच हसत राहिली. ‘काज’विषयीही तिला सांगितले: पोर्तुगीज ‘काझा’ म्हणजे घर. बटणाचे घर.

सत्राअखेरीस तिने जो स्वाध्याय दिला त्यात ठरवून दिलेल्या विषयाऐवजी शिवणकामातील त्रेसष्ट शब्दांची सूची होती. प्रत्येक शब्दापुढे लिंग, अनेकवचन आणि तो दुकानात कोणत्या वाक्यात येतो ते वाक्य. काही व्युत्पत्ती तर्काने लिहिलेल्या होत्या, त्या मी खोडल्या. ‘ग’च्या खाली, गोट आणि गळपट्टी यांच्यानंतर, तिच्या टोकदार अक्षरात नोंद होती: ग्रोसग्रीन, स्त्रीलिंगी, अनेकवचन ग्रोसग्रिनी. वाक्य: ‘निळ्या ग्रोसग्रिनी संपल्या, सोमवारी या.’